पटावरची मुलं

चौथीच्या वर्गात आज बाकं पुरत नव्हती. इरावतीबाई दारातच थबकल्या. इतका भरलेला वर्ग त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मालिकेच्या शूटिंगसाठी लालबागची ही मराठी शाळा तीन दिवस भाड्याने दिली होती. बाईंच्या नऊ मुलांना सुट्टी, आणि बाकांवर रोजावर आणलेली चाळीस पोरं. फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी लिहिलं होतं: पट ४०, हजर ४०.

बाईंचा हात शिवशिवला. त्यांनी डस्टर उचललं, चाळीस पुसले आणि नऊ लिहिले.

"ओ मॅडम!" सहायक हितेंद्र धावत आला. "नऊ पोरांची शाळा असते का कुठे? बघणाऱ्याला खरं तरी वाटेल का?"

संस्थेचे चिटणीस बाबुराव तिथेच चहा पीत बसले होते. "त्यांना त्यांचं काम करू द्या हो, बाई. लाइटवाले, जेवणवाले, कपडेवाले... किती जणांची पोटं आहेत या धंद्यावर! तुमची शाळा कुणाचं पोट भरते? जूनपर्यंत वीस मुलं आणा. नाहीतर इमारत कायमची यांनाच देतो."

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी पहिल्या बाकावरच्या मायाला सातचा पाढा विचारला. सात सक म्हणताना पोरीची गाडी अडली. बाईंनी तिला खाली बसवून फरशीच्या लाद्या सात-सात करून मोजायला लावल्या. थोड्या वेळात ती सात दाहे सत्तरपर्यंत घडाघडा म्हणू लागली.

बाई तशाच व्हरांड्यात तिच्या आईकडे गेल्या. "हुशार आहे हो तुमची लेक. आमच्याकडे घाला ना तिला. फी नाही, वह्या मी देईन."

"नाव आहे की घोडपदेवच्या शाळेत. जायला सवड कुठेय?" आई हसली. "इथे नुसतं बसायचे दिवसाला हजार मिळतात, बाई. तुमच्याकडे बसून काय मिळणार?"

"सायलेन्स!" आतून आरोळी आली. मालिकेतल्या बाईंची भूमिका करणारी नटी वर्गात शिरली. चाळीस पोरं धडाधड उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "नमस्तेऽऽ बाई!"

"बसा, बाळांनो," व्हरांड्यातून इरावतीबाई म्हणाल्या.

"कट!" दिग्दर्शक खेकसला. "कोण आहे रे तिकडे? बाहेर काढा आधी!"