चौथं बटण

निरंजनच्या डोक्याला आठवणी वाचणारी पट्टी लावून अधिकारी बाईंनी पडदा सुरू केला. लोकसभेच्या निकालात मतं चोरल्याचे आरोप झाल्यापासून प्रत्येक मतदाराची मतदानाच्या दिवसाची आठवण अशी तपासली जात होती आणि साक्षीला घरचं माणूस लागायचं. त्याची बायको शर्वाणी बाळाला खांद्यावर थोपटत बघू लागली.

पडद्यावर मतदानाची रांग आली. बायकांच्या रांगेतून निरंजनच्या ऑफिसातली केतकी हसली आणि तिने चार बोटं दाखवली. निरंजनने आत जाऊन चौथं बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यातली भीतीची रेघ सपाटच राहिली, आनंदाची मात्र सरसर वर चढली.

शर्वाणीचा थोपटणारा हात थांबला. "मला तर दोन नंबरला दिलं म्हणाला होतास."

"अगं, ते आपलं..." निरंजन पुटपुटला.

"ताई, यांच्यावर कुणाचा दबाव होता का?" बाईंनी विचारलं. "हो म्हणालात तर मत रद्द होईल."

निरंजन शर्वाणीच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"दबाव कसला, मॅडम? माझ्या सांगण्यावरून याने इतक्या आनंदाने कधी काही केलेलं नाही. लिहा, स्वखुशीने दिलं."