पन्नासच्या वर

जिज्ञासाला लायसन्स मिळालं आणि तिच्या बापाची, अनंताची, झोप उडाली. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून तो घरच्या गाडीत बसवायला एक यंत्र घेऊन आला. स्पीड पन्नासच्या वर गेला की ते ओरडणार. "साईं, घर के किसी का आवाज भर दो," दुकानदार म्हणाला होता, "बच्ची उसी से डरेगी."

घरात सगळे एकाच आवाजाला टरकून होते. अनंताने यंत्र आपल्या आईच्या, पुतळाबाईंच्या हातात दिलं. म्हातारी ते घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि मिनिटभरात बाहेर आली. काय बोलली ते काही सांगेना.

पंधरा दिवस जिज्ञासा चामटोलीहून अंबरनाथला गाडीने कॉलेजला जात होती. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

"बंद पडलेलं दिलं रे त्याने!" अनंता तडकला.

"पप्पा, मी पन्नासच्या वर गेलेच नाही."

"तू मला सांगतेस? चावी आण. आत्ताच्या आत्ता बदलून आणू."

लेकीला शेजारी बसवून तो निघाला. बदलापूर मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला. दुकानदाराला शिव्या घालता घालता काटा साठावर कधी गेला, त्याला कळलंच नाही.

आणि गाडीत पुतळाबाई कडाडल्या, "अनंत्या, हलू! मना ठाव हाय, तूच हास!"