दिसली म्हण

२०१४ सालचा एप्रिल. धाराशिवच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानासमोर लांबलचक लाल दुर्बीण तिपाईवर उभी होती आणि अकरा वर्षांची शिवरंजनी तिच्यातून पलीकडची पाण्याची टाकी शोधत होती.

सकाळपासूनचं हे तिसरं दुकान. बाप सिद्धाराम उमरग्यातलं टायरचं दुकान बंद ठेवून आला होता. आजी तारामती गुडघे दाबत स्टुलावर बसली होती. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती.

"चारशे पट मोठं दाखवती," दुकानदार म्हणाला.

सिद्धारामनं डोळा लावला. "दिसली टाकी."

तारामतीनंही लावला. "दिसली की."

"मला नुसतं धुरकट दिसतंय," शिवरंजनी म्हणाली. "ती बारकी दाखवा ना."

बारकी आखूड होती, कपाटात मागं पडलेली, खेळण्यासारखी.

"सवयीनं दिसतं, बाळ," दुकानदार लाल दुर्बिणीवर हात ठेवत म्हणाला.

"आमाला दोघांना दिसली, तुलाच कशी न्हाय?" सिद्धाराम वैतागला. "लई झाले नखरे. दिसली म्हण, न्हायतर काहीच घेत न्हाय. चल घरी."

पोरीचे डोळे भरले. तिनं पुन्हा डोळा लावला. ती "दिसली" म्हणणारच होती, तेवढ्यात तारामती उठली.

"तिला म्हणायला लावू नको, सिद्धा. मलाबी न्हाय दिसली. मगाशी उगंच म्हणले."

सिद्धाराम घाम पुसत राहिला. "मलाबी धुरकटच," शेवटी तो पुटपुटला.

बारकीतून टाकीची शिडी दिसली, शिडीवरचा कावळाही. तीच घेतली. गाडी चुकलीच.

त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. सिद्धारामनं टायरचं दुकान भाच्याकडं दिलं. लाल दुर्बीण घरात जास्त शोभली असती, असं तो अजून म्हणतो. शिवरंजनी संभाजीनगरला एम.एस्सी. करते.

तारामती मागच्या वर्षी गेली. दुर्बीण आणली त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी नातीनं तिला गच्चीवर सप्तर्षीतली अरुंधती दाखवली. तारामती बराच वेळ डोळा लावून बसली.

"माझ्या लग्नात लग्न लावणाऱ्या स्वामींनी भर दुपारी वर बोट केलं. दिसली का, म्हणाले. तुझा आज्जा म्हणाला, दिसली. मग मीबी म्हणले."

नवराबायकोनं जोडीनं बघायची ती चांदणी. तारामतीला ती खरोखर दिसली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, सोमलिंगला, जाऊन सहा वर्षं झाली होती.