तारेवरचा पदर

२०२२ साल. नवा रायपूरमध्ये एका निवृत्त साहेबांच्या अंगणात जुनी शिडाची नाव विकायला होती. ती विशाखापट्टणमला नेऊन माझी नात चेतना एकटीच समुद्रात निघणार. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. डोलकाठी आडवी ठेवली होती. समुद्रात तिला उभी धरणाऱ्या तारांवरून मी सुती पदर फिरवू लागले. आमचे हे रेल्वेत क्रेनच्या तारा असंच फडकं फिरवून तपासत; तार तुटली असेल तिथे ते अडके. “माताजी, नाव है, बर्तन नहीं!” साहेब हसले. पदर अडकावा, सौदा मोडावा, एवढंच मनात होतं. शेवटच्या तारेत अडकलाच. एक पेड तुटला होता. “नको घेऊ वं पोट्टे!” चेतनाने पदर सोडवला, तरी जरा फाटलाच. “अच्छा हुआ आजी, यहीं अटका. तार बदल दूँगी.” आता साहेबांनी अंगणात नावेच्या जागी भाजी लावलीय. चेतना अंदमानपलीकडे पोचलीय. वादळाची बातमी आली की मी फाटल्या पदरावरून बोट फिरवते.