वेलिझारचा डावा हात

बल्गेरियातल्या प्लॉवदिवची पोरं म्हणे पाळण्यातसुद्धा सात मात्रांत पाय झाडतात. अशा गावाला सरळ चालीचं वाजवणं काय रुचणार? वेलिझार आणि त्याच्या दोन साथीदारांच्या जॅझवर गाव जीव टाकायचं ते याचसाठी, की गत कुठे वळेल याचा नेम नसायचा.

त्या वसंतात ड्रम वाजवता वाजवता वेलिझारचा डावा हात आपोआप थरथरू लागला. ठेका सुटला, काठी निसटली. सभागृह टाळ्या पिटत उभं राहिलं. बोटांवर मोजून कुणी अकरा मात्रा म्हणे, कुणी तेरा. दोघं तर एकमेकांची गचांडी धरायला उठले.

"अरे बाबांनो, मला ठेकाच धरता येईनासा झालाय!" वेलिझार कळवळून म्हणाला.

"ऐका! वेलिझारदादांना म्हणे ठेका येईना!" रसिक खिदळले आणि त्यांनी त्याच्या हातात राकिया दारूचा पेला दिला. पेला हिंदकळला, तर त्यालाही टाळ्या पडल्या.

शेवटी तो डॉक्टर त्सान्कोवांकडे गेला. हात तपासताना डॉक्टरांचा चेहरा उतरला. कुणीतरी एकदाचं खरं बोलणार, म्हणून वेलिझारला भरून आलं.

"आजार आहे, उस्ताद, आणि तो वाढत जाणारा आहे. पण आजपासून गोळ्या घेतल्यात तर हात बराच आवरेल."

"द्या मग."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, पण ती त्यांच्या हातून सुटेना.

"शनिवारी तुमची मैफल आहे ना?" ते हळूच म्हणाले. "मी पहिल्या रांगेत आहे. गोळ्या रविवारपासून घेतल्यात तर?"