कानस

मोटारसायकलच्या दातेरी चक्राचा प्रत्येक दात एकाच कोनात घासलेला होता. जकार्तातल्या दुसऱ्या शाळेच्या पोरांशी भिडायला गालिहने ते पट्ट्याला बांधून दप्तरात लपवलं होतं. त्याच्या आईने, रेत्नोने, ते नवऱ्यासमोर आपटलं.

“माझ्या शाळेचं नाव राखतोय गं पोरगा,” सुगेंग हसला. “आमच्या वेळी नुसत्या विटा होत्या.”

“गालिहला पेन्सिलीला धड टोक काढता येत नाही. ही धार तुमच्या कानशीची आहे.”

“मग काय रिकाम्या हाताने पाठवू? थोरला रिकाम्या हाताने गेला, म्हणून मेला!”

“थोरल्यालाही तुम्हीच पाठवलं होतंत.” त्याला पुरल्यापासून ओठांशी अडलेलं ती अखेर बोलली, “आज पोलिसांना मी तुमचं नाव सांगणार आहे.”