मिरोच्या तक्रारी

रिंकच्या तक्रारवहीत आज पुन्हा तेच. ‘डाव्या कोपऱ्यात बर्फ मऊ. शहाजी पाटील यांनी येऊन बघावं.’ खाली मिरोची सही, आणि शहाजीच्या नावाखाली दोन ठळक रेघा.

शहाजीने वही टेबलावर आदळली. मॉलमधले दुकानदार अजून शटर वर करत होते आणि ह्याची तक्रार लिहूनसुद्धा झाली होती. काल बर्फ कडक होता. परवा बर्फावर ओरखडे होते. आठवड्यातून पाच दिवस, दोन वर्षं हेच चाललं होतं. तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शहाजीने अकरा वर्षं काढली, पण एकाही व्यापाऱ्याने कधी त्याच्या कामाकडे बोट दाखवलं नव्हतं. इथे दोह्यात बाहेर डांबर वितळत असताना त्याने मॉलच्या पोटात बर्फाचं अख्खं मैदान धरून ठेवलं होतं, आणि बक्षीस काय, तर रोजची तक्रार.

बरं, जाऊन बघावं तर काही सापडायचं नाही. शहाजी तापमान मोजायचा, बर्फ घासणारं यंत्र पुन्हा एकदा फिरवायचा, वहीत ‘काम झालं’ असं लिहायचा. मिरो मुकाट्याने सही करायचा. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

मिरो स्लोव्हाकियाचा. बर्फावरच्या हॉकीचा पगारी खेळाडू, पाच देशांतल्या क्लबांकडून खेळून आलेला. गुडघा गेल्यावर दोह्यात आला. इथे तो मुलांना शिकवायचा आणि शुक्रवारच्या सामन्यांत स्वतःही उतरायचा. इलेक्ट्रिशियन नंदू त्याला जावईबापू म्हणायचा, कारण मांडवातल्या जावयासारखं त्याचं कशानेच समाधान होत नसे. शहाजीचं मत आणखी कडवट होतं. गुडघा ह्याचा वाकत नाही आणि दोष बर्फाला. नाचता येईना अंगण वाकडं.

एरवी त्याने हसून सोडून दिलं असतं. पण फुटबॉलच्या वर्ल्डकपला तीन वर्षं उरली होती आणि मॉलला माणसं पुरवणाऱ्या त्याच्या कंपनीला अल थुमामा स्टेडियमच्या बाजूच्या साइटवर माणसं कमी पडत होती. दर महिन्याला मॉलमधले दोघं-तिघं तिकडे उचलले जात. शहाजी एकदा तिकडे जाऊन आला होता. जूनच्या दुपारी, खांद्यावर पाइप असतानाच कोसळला आणि चार दिवस सलाइनवर होता. पुन्हा उन्हात राबलास तर मूत्रपिंडं जातील, असं डॉक्टरने लिहून दिलं होतं. तो कागद ऑफिसने ठेवून घेतला आणि विसरूनही गेलं. रिंकवरची ही नोकरी त्याला नशिबाने मिळाली होती. आता सुपरवायझर दिलावर दर गुरुवारी येऊन वही चाळायचा, आणि पानापानावर शहाजीचंच नाव. इतक्या तक्रारींचा माणूस कोण ठेवून घेईल, ह्या धास्तीने त्याचा घास घशाखाली उतरत नव्हता.

शेवटी मे महिन्याच्या अखेरीस त्याचा संयम सुटला. मिरो बाकावर बसून बुटांच्या नाड्या आवळत होता. शहाजीने आपल्या मोडक्या इंग्रजीत त्याला सगळं ऐकवलं. बर्फात काडीचा दोष नाही, तू लिहून लिहून माझ्या पोटावर पाय देतोयस, आता कृपा कर आणि लिहिणं बंद कर. मिरोने विचारलं, नक्की? शहाजी म्हणाला, शंभर टक्के. मिरोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शहाजी पाठ फिरवून निघूनही गेला होता.

जून कोरा गेला. एक ओळ नाही. जावईबापू सुतासारखे सरळ आले, असं शहाजीने बबीताला फोनवर सांगितलं आणि कितीतरी दिवसांनी नवराबायको मनापासून हसली. त्या महिन्यात तो पोटभर जेवला.

शेवटच्या गुरुवारी दिलावर आला. कोरी पानं उलटत गेला आणि खूश होऊन त्याने शहाजीचा हात हातात घेतला.

“माशाल्ला, एक भी कम्प्लेंट नहीं। मतलब यहाँ फुल टाइम आदमी का काम ही नहीं है। हफ़्ते में एक बार कोई आके देख लेगा। संडे से तुम साइट पे।”

शहाजीने डॉक्टरच्या कागदाची आठवण करून दिली. दिलावर म्हणाला की माझ्या हातात काही नाही, मॉलवाले कामं मोजतात आणि वहीत काम दिसत नाही. एवढं बोलून तो खलास म्हणाला आणि गेला.

शहाजी तसाच, पायातल्या बुटांसकट, बर्फावर चालत गेला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. मैदानाच्या मध्यावर मिरो एकटाच उभा होता. शहाजीने विचारलं, खरं सांग, बर्फात कधी खोट होती का? मिरोने मान हलवली. एक दिवससुद्धा नव्हती. इतका चांगला बर्फ त्याला त्याच्या स्वतःच्या गावातही मिळाला नव्हता.

“मग दोन वर्षं रोज माझं नाव कशाला लिहीत होतास?” शहाजी ओरडला.

मिरो काठीवर रेलला.

“मी बचावाला खेळायचो,” तो म्हणाला. “माझ्या बाजूने समोरच्यांना गोल करता यायचे नाहीत, त्यामुळे सामन्याच्या कागदावर माझं नाव कधी यायचंच नाही. पाच देशांतल्या पाच मालकांनी तो कागद बघितला आणि मला घरी पाठवलं.”